चावी फिरते तेव्हा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी थोडा चढ होता. बाबांची चेतक तिथं आली की तिचा आवाज जड व्हायचा. मग दारासमोर इंजिन बंद व्हायचं, क्षणभर काहीच नाही, आणि मग स्कूटर स्टँडवर घेतल्याचा खाडकन आवाज. चढापासून स्टँडपर्यंत आम्हाला जेमतेम अर्धं मिनिट मिळायचं. तेवढ्यात सागरगोटे पलंगाखाली जायचे, रेडिओ बंद व्हायचा, धाकटा भाऊ खिडकीवरून खाली उतरायचा आणि आम्ही दोघं पुस्तकं उघडून बसायचो. आई स्वयंपाकघरातून एकदा डोकावून बघून घ्यायची. अर्ध्या मिनिटात सगळं घर नीट व्हायचं.

येणारे-जाणारे म्हणायचे, काय शिस्त आहे हो तुमच्या घरात!

आज मी ४७ वर्षांची आहे. ती चेतक विकून कितीतरी वर्षं झाली. पण पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणी स्कूटर स्टँडवर चढवली की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो. हातातलं काम आधी थांबतं, आणि मग लक्षात येतं की आपल्याला घाबरण्याचं काही कारण नाही.

बाबा वाईट माणूस नव्हते, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. पाटबंधारे खात्यात कारकून होते, पगार बेताचा, कुणाचा एक पैसा घेतला नाही. चौथीच्या स्कॉलरशिप परीक्षेला ते मला स्कूटरवरून साताऱ्याला घेऊन गेले होते आणि सगळे पेपर होईपर्यंत शाळेच्या फाटकाबाहेर डबा हातात धरून उन्हात उभे होते. सावलीत जायचे ना, असं आई नंतर म्हणाली, तर म्हणाले, पोरगी बाहेर आली आणि मी दिसलो नाही तर? तेच बाबा पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायचे. माझ्या मनात हे दोन बाबा कधी वेगळे झाले नाहीत.

आई मारायची नाही. ती म्हणायची, “थांब, येऊ देत बाबांना.” दुपारी चारला काही सांडलं, फुटलं, हरवलं, की चारपासून सातपर्यंतचा वेळ हीच खरी शिक्षा असायची. मार दोन मिनिटांत संपतो. ते तीन तास मात्र संपता संपायचे नाहीत. घड्याळाकडं बघायचं, गृहपाठाची वही उघडायची, एकच ओळ चार वेळा वाचायची, आणि कान गल्लीच्या चढाकडं. आईला वाटायचं, आपण मुलांवर हात उचलला नाही.

मी चौथीत होते, त्याच वर्षीची गोष्ट. आईनं वाण्याकडून साखर आणायला पाठवलं होतं. परत येताना डोंबाऱ्याचा खेळ चालला होता, तिथं थांबले. दोरीवरची मुलगी माझ्याच वयाची होती. घरी आले तर मुठीतले सुट्टे पैसे नव्हते. तीन रुपये. मी आईला सांगितलं, वाण्यानं सुट्टे दिलेच नाहीत.

सात वाजता बाबा आले. त्यांनी माझा हात धरला आणि वाण्याकडं घेऊन गेले. वाणी म्हणाला, “साहेब, मी तिच्या हातात मोजून दिलेत.” बाबांनी त्याची माफी मागितली आणि दुकानाच्या पायरीवरच माझ्या कानाखाली वाजवली. गुळाचा आणि रॉकेलचा वास येत होता. माझ्या वर्गातल्या दोघी पेन्सिली घ्यायला आल्या होत्या, त्या बघत होत्या. एकीनं दुसरीचा हात धरलेला मला अजून दिसतो.

त्या थपडेनं मी खोटं बोलायचं थांबवलं, असं बाबांना वाटलं. मी त्या रात्री पांघरुणात पडून वेगळाच हिशोब मांडला. पैसे गटारात पडले असं सांगायला हवं होतं. ज्या खोट्यात दुसरा माणूस नसतो, ते पकडलं जात नाही. दहा वर्षांच्या मुलीला सुचलेलं हे शहाणपण मी पुढं बारावीपर्यंत वापरलं. घरात माझ्याइतकी खरं बोलणारी मुलगी नाही, असं बाबा पाहुण्यांना सांगायचे.

आणि याची किंमत तीन रुपयांची नव्हती. सातवीत असताना शाळेच्या एसटीत एक माणूस रोज मुद्दाम माझ्या जवळ येऊन उभा राहायचा, त्रास द्यायचा. अनेक महिने हे चाललं. मी घरी एका शब्दानं बोलले नाही. बाबा त्या माणसाला बडवून काढतील, याची मला खात्री होती. पण त्याआधी ते मला विचारतील, तू तिथं का उभी होतीस? या एका प्रश्नाच्या भीतीनं मी गप्प राहिले. शेवटी मी ती एसटी सोडून अर्धा तास लवकर निघायला लागले. मुलगी अभ्यासाची किती आहे बघा, लवकर जाते, असं घरात कौतुक झालं.

मुलांना धाक हवा असं जे म्हणतात, त्यांना मला एवढंच विचारावंसं वाटतं. ज्या दिवशी तुमच्या मुलाला खरोखर तुमची गरज असेल, त्या दिवशी तो धाक दाराच्या कुठल्या बाजूला उभा असेल?

शाळेतली गोष्ट थोडी वेगळी होती. घरी मार सगळ्यांना सारखा बसायचा. शाळेत तो घराणं बघून बसायचा. वकिलांचा मुलगा गृहपाठ विसरला तर गुरुजी म्हणायचे, उद्या आण. माझ्या मागच्या बाकावर एक मुलगा होता, तो सकाळी डेअरीला दूध घालून यायचा, त्यामुळं आठवड्यातून तीन दिवस तरी प्रार्थनेला उशीर. त्याच्यासाठी निरगुडीची हिरवी फोक असायची, आणि ती तोडून आणायला गुरुजी त्यालाच पाठवायचे. जाड आणली तर वळ उठतात, बारीक आणली तर चामडी सोलते. तो नेहमी मधली आणायचा. नऊ वर्षांचं पोर ओढ्याकाठी उभं राहून आपल्याच पाठीसाठी फोक निवडतंय. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्याला ‘ढ’ म्हणायचे. मराठीत एका अक्षराला आपण मुलाच्या कपाळावर नेऊन चिकटवलंय. एकदा चिकटलं की निघत नाही. त्याला गणित येत नव्हतं असं नव्हतं. डेअरीतला फॅटचा आणि लिटरचा हिशोब तो तोंडी करायचा. पण गुरुजींनी उभं केलं आणि “सतरा सत्ते?” विचारलं की त्याच्या तोंडातून आवाज फुटायचा नाही. मलाही हा अनुभव आहे. घरी घडाघडा येणारा पाढा बाबांच्या हातात पट्टी दिसली की कुठं जायचा कळायचं नाही. एकशे एकोणीस हा आकडा जणू कुणी पुसून टाकायचा.

त्यामागं काय घडतं ते मला फार उशिरा वाचायला मिळालं. समोर धोका दिसला की शरीर पळायला किंवा लढायला तयार होतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, छाती धडधडते, आणि मेंदूचा जो पुढचा भाग शांतपणे विचार करतो, आठवतो, हिशोब करतो, तो मागं पडतो. वाघ समोर असताना पाढे आठवण्याची शरीराला गरज नसते. कधीतरी एकदा असं झालं तर मूल सावरतं. रोज झालं तर शरीर तसंच राहायला शिकतं. मग ते मूल माणसांच्या चेहऱ्यावर सतत रागच शोधत राहतं, कुणी नुसतं गप्प बसलं तरी आपलं काय चुकलं ते आठवत बसतं. माझ्या ऑफिसात वरिष्ठांनी “जरा केबिनमध्ये या” म्हटलं की मी वाटेत माझ्या गेल्या महिन्याभरातल्या चुका मोजते. बहुतेक वेळा त्यांना एखादी फाईल हवी असते.

२०१९ मध्ये आमच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. मंगल कार्यालयात जेवणं झाल्यावर गप्पा रंगल्या आणि अपेक्षेप्रमाणे विषय मारावर आला. कुणाला किती छड्या बसल्या, कोण बाकावर किती वेळ उभा होता, अंगठे धरून उभं राहताना कुणाच्या खिशातून गोट्या पडल्या. सगळे पोट धरून हसत होते. एक जण, आता चांगला इंजिनिअर आहे, भरल्या गळ्यानं म्हणाला, “त्या मारामुळंच आपण घडलो. आताच्या पोरांना काही धाकच नाही.” टाळ्या पडल्या.

दूध घालणारा तोही आला होता. सहावीतच शाळा सोडलेली, पण कुणीतरी आठवणीनं बोलावलं होतं. आता त्याची पिठाची गिरणी आहे. तो कुणाशी बोलायचा तेव्हा मान थोडी वळवून उजवा कान पुढं करायचा. आधी मला वाटलं, गिरणीच्या आवाजानं झालं असेल. जेवताना मी शेजारी बसले होते, विचारलं. म्हणाला, “नाही गं, हा डावा पाचवीतच गेला. गुरुजींची एक बसली होती, मग पंधरा दिवस पाणी यायचं.” आणि पुढं म्हणाला, “मला शाळा आवडायची. भूगोल तर लई आवडायचा.”

घडलेले लोक व्यासपीठावर बोलतात, म्हणून मारानं माणूस घडतो असं आपल्याला ऐकू येतं. जे वाटेत गळाले त्यांच्या हातात माईक कुणी दिला नाही. तो इंजिनिअर मित्र हुशार होता, घरी आई शिकवायची, त्याला मार बसला नसता तरी तो इंजिनिअर झाला असता. गिरणीवाल्याला मार बसला नसता तर काय झालं असतं, हे कुणी मोजत नाही.

थोडंफार मोजलं गेलंय, ते सांगते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल काढला होता. शाळेत जाणाऱ्यांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं. निम्म्या मुलांनी भावनिक छळ सांगितला, आणि त्यातल्या ८३ टक्के प्रकरणांत तो करणारे आई-वडीलच होते. मला या दुसऱ्या आकड्यानं जास्त हलवलं. पुढं २०१६ मध्ये एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या अमेरिकन संशोधकांनी पन्नास वर्षांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, मिळून १ लाख ६० हजारांहून जास्त मुलांची माहिती. पट्टी नाही, फोक नाही, नुसत्या उघड्या हातानं दिलेले फटके. तरीही जितके फटके जास्त, तितका हट्टीपणा, आक्रमकपणा आणि मनाचे त्रास जास्त, असंच चित्र निघालं. ज्यासाठी मारतो, नेमकं त्याच्या उलट.

कायदा म्हणाल तर तो आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याचं कलम १७ शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला, दोन्हींना बंदी घालतं. त्यामुळं निदान आमच्या ओळखीच्या शाळांमधून फोक गेली. मानसिक छळाचं मात्र कुणाच्या फारसं ध्यानात नाही. मैत्रिणीच्या मुलीच्या क्लासमध्ये चाचणीचे मार्क पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात, शेवटच्या पाच जणांची नावं लाल रंगात. ती मुलगी रविवारी रात्री जेवत नाही, कारण सोमवारी यादी येते. अंगावर वळ नाही, त्यामुळं कुणाला काही वाटत नाही. आणि घराच्या आत तर कायदा उंबऱ्यापर्यंतच येऊन थांबतो. स्वीडननं १९७९ मध्ये घरातल्या मारालाही बंदी घातली, जगात सगळ्यात आधी. आपल्याकडं आई-बापानं पोराला मारणं हा अजून घरातला मामला आहे.

आपल्याकडं वेगळी वाट नव्हती असंही नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी गुजरातेत भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, तिथल्या बालमंदिरात मारणं, दटावणं नव्हतं. पुढं १९४५ मध्ये त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डीत आणि मग कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांना कुणी पकडून आणलं नाही, की उशीर झाला म्हणून उभं केलं नाही. शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला दुधाचा कॅन घेऊन पळत येणारा तो मुलगा आठवला. बोर्डी आमच्या गावापासून एका दिवसाच्या एसटी प्रवासावर. आणि आमच्या शाळेपर्यंत ते चाळीस वर्षांत पोचलं नव्हतं.

बाबांशी मी या सगळ्याबद्दल एकदाच बोलले. ते तेव्हा सत्तरी ओलांडलेले, माझा मुलगा तीन वर्षांचा. तो त्यांच्या मांडीवर बसून चष्मा ओढत होता आणि ते ओढू देत होते. मी म्हटलं, “बाबा, तुम्ही आम्हाला फार मारलंत.” मला वाटलं, चिडतील. ते खरंच चकित झाले. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “आमच्या वडिलांनी आम्हाला कधी जवळ घेतलेलं मला आठवत नाही. चाबूक असायचा बैलांचा, तोच आम्हाला. मी तर तुला स्कूटरवर पुढं उभी करून फिरवायचो.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांचा राग आला नाही. मला एकदम कळलं की हा माणूस आयुष्यभर स्वतःला मऊ बाप समजत आला. त्यांनी आपल्या बापाशी स्वतःची तुलना केली, आणि त्या मापानं ते खरंच मऊ होते. आमच्या पोटात काय होतंय ते मापायचं त्यांना कधी सुचलंच नाही, कारण त्यांच्या पोटात काय झालं होतं तेही कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हा मला वाटलं, चला, हे आता इथं थांबलं. मी माझ्या मुलावर हात उचलत नाही.

गेल्या वर्षी जूनमधली संध्याकाळ. मी ऑफिसातून आले, दाराशी उभी राहून पर्समध्ये चावी शोधत होते. आत टीव्हीवर मॅच चालू होती आणि मुलगा आजीला काहीतरी सांगत होता. मोठमोठ्यानं, हसत, मध्येच उड्या मारत. त्याचं तसलं हसणं मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. मी चावी कुलपात घातली आणि फिरवली.

टीव्ही बंद झाला. धप्पकन काहीतरी पडलं, बहुतेक उशी. मग काहीच आवाज नाही.

दार उघडलं तेव्हा तो टेबलाशी बसला होता, पुस्तक उघडं. सगळं घर नीट होतं.

मी चपला न काढता तिथंच उभी राहिले. दहा वर्षांची मी माझ्यासमोर बसले होते.

रात्री त्याला विचारलं, “मी आल्यावर टीव्ही बंद का केलास रे?” तो म्हणाला, “तू आलीस म्हणून.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस आला म्हणून खिडकी लावली, इतकं साधं त्याच्यासाठी ते होतं.

मग मी माझ्या बाबांसारखाच हिशोब घातला. मी मारत नाही. दोनदा मारलंय, तो पाच वर्षांचा असताना. पण माझा आवाज चढतो. “एवढंही कळत नाही का तुला?” हे वाक्य माझ्या तोंडात बसलेलं आहे. आणि फार राग आला की मी बोलणं बंद करते, कधी एक दिवस, कधी दोन. मला वाटायचं, हा मारापेक्षा सभ्य मार्ग आहे. त्या दोन दिवसांत तो माझ्या मागं मागं फिरतो, पाण्याचा ग्लास आणून देतो, न सांगता दप्तर भरतो. मला वाटायचं, सुधारला. तो आपली आई परत मिळवायला बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी चावी वापरणं सोडलं. बेल वाजवते. कुणीतरी येऊन दार उघडेपर्यंत बाहेर थांबते. खूप काही बदललं असं नाही. पहिले काही आठवडे बेल वाजली की टीव्ही बंदच व्हायचा. माझा आवाजही एकदम खाली आला नाही. तीन-चार वेळा तर मी ओरडून झाल्यावर त्याच्या खोलीत जाऊन, चूक माझी होती, असं म्हणाले. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा तो इतका अवघडला की त्यानं डोक्यावरून पांघरूण घेतलं.

परवा बेल वाजवली. आतून पळत येणारी पावलं आली, मग दाराशी येऊन थांबली. बराच वेळ दार उघडेना. मग उघडलं. तो उभा होता, दोन्ही हात पाठीमागं. मागं आजी चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून बघत होती. सोफ्याखाली चेंडू. त्याचा खालचा ओठ थरथरत होता, पण तो दारातून हलला नाही.

“आई,” तो म्हणाला, “तू आधी चप्पल काढ. आत बस. मग सांगतो.”

मी चप्पल काढली.